गाडी येते, हॉर्न येत नाही

सोनगीरच्या बाजारात हंडा कोणी नुसता डोळ्यांनी बघून घेत नाही. धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने शिरपूरकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर हे गाव लागतं. वर किल्ला, रस्त्यावर टोलनाका आणि गावात तांब्या-पितळेची भांडी, अशी त्याची तिहेरी ओळख. गिऱ्हाईक हंडा उचलतं, पालथा घालतं, बुडाशी, पोटाशी आणि काठाशी एकेक टिचकी मारतं आणि मान तिरकी करून आवाज ऐकतं. दुकानदाराने ‘मावशी, माल एक नंबर आहे’ म्हणून कितीही शपथा घेतल्या तरी टिचकी चुकत नाही. टिचकी मारल्याशिवाय साधी लोटीसुद्धा न घेणाऱ्या अशा लोकांच्या देशात मोटार वाहन कायदा, १९८८ नावाचा एक कायदा आहे आणि त्यात नववं कलम आहे. हे कलम म्हणतं की अर्जदाराकडे त्याच प्रकारचं वाहन चालवण्याचं परदेशातल्या सक्षम अधिकाऱ्याने दिलेलं लायसन्स असेल, तर डॉक्टरी तपासणीचे सोपस्कार वगळता त्याची गाडी चालवण्याची चाचणी घेण्याची गरज नाही. म्हणजे हंडा गावातला असेल तर तीन टिचक्या, आणि टेक्सासहून आलेला असेल तर डोळे मिटून फडताळात.

उलट बाजूने हाच व्यवहार कसा होतो, तेही पाहू. आपला माणूस आपलं पक्कं लायसन्स खिशात घालून ब्रिटनला जातो. तिथे राहायला गेल्यापासून बारा महिने त्याला त्यावर गाडी चालवता येते. तेराव्या महिन्यात तो पुन्हा कच्चा होतो. गाडीला पुढे-मागे लाल ‘एल’ लागतो. मग पन्नास प्रश्नांची लेखी परीक्षा, त्यातले त्रेचाळीस बरोबर यायला हवेत. मग चौदा चित्रफिती बघून ‘धोका कुठे दिसतोय’ ते ओळखायचं. शेवटी चाळीसेक मिनिटं परीक्षक शेजारी बसणार. जर्मनीत ही मुदत सहा महिन्यांचीच, आणि त्यानंतर लेखी व प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा. लेखी परीक्षा जर्मनखेरीज आणखी बारा भाषांत देता येते. त्यांत अरबी आहे, क्रोएशियन आहे. मराठी नाही, मग अहिराणीचं नावच सोडा. ज्याने पावसाळी रात्री समोरच्या ट्रकच्या एकाच पेटलेल्या दिव्याच्या भरवशावर कन्नडचा घाट उतरलेला असतो, त्याला तिकडे नापास करण्याची कारणं फार नाजूक असतात. ‘तुम्ही आरशात पाहिलं नाही.’ ‘पाहिलं की.’ ‘मान हललेली दिसली नाही.’ आपल्याकडे मान हलवायची ती मुलगी बघायला आलेल्यांसमोर, हे त्या परीक्षकाला कोणी सांगायचं?

या दोन व्यवहारांतून बहुतेक लोक एकच निष्कर्ष काढतात, तो म्हणजे आपला न्यूनगंड. परदेशी सेंट, परदेशी चॉकलेट, तसंच परदेशी लायसन्स. या निष्कर्षाला बळ देणारी आणखी एक गंमत त्याच कायद्यात आहे. समजा, एखाद्याने परदेशी जाण्यापूर्वी इथेच लायसन्स काढलं होतं आणि तो तिकडे असताना त्याची मुदत संपली. मुदत उलटून वर्षाहून अधिक काळ गेला असेल तर नूतनीकरणासाठी पुन्हा चाचणी द्या, असं २०१९ च्या दुरुस्तीनंतरचा कायदा सांगतो. त्याच माणसाने तिकडचं चालू लायसन्स पुढे केलं तर चाचणी नको. जिथे तो गाडी शिकला, जिथल्या खड्ड्यांनी त्याच्या पाठीचे मणके घडवले, तिथल्या कागदावर अविश्वास. आणि जिथे चौकात चार गाड्या ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत उभ्या राहतात, तिथल्या कागदावर गाढ विश्वास. तरीही न्यूनगंडाचा हा निष्कर्ष अपुरा आहे. खरा घोळ लायसन्स कशाला म्हणायचं इथूनच सुरू होतो. लायसन्स म्हणजे गाडी येत असल्याचा दाखला, असं आपण धरून चालतो आणि तिथेच फसतो. लायसन्स हा त्या त्या गावाशी केलेला करार असतो, आणि एका गावाचा करार दुसऱ्या गावावर बंधनकारक नसतो.

इतिहासही हेच सांगतो. मोटारीचं जगातलं पहिलं लायसन्स म्हणून ज्याचा दाखला देतात, ते १८८८ साली जर्मनीत कार्ल बेंझला मिळालं. मोटार त्यानेच बनवलेली, तेव्हा त्याला ती येते की नाही हा प्रश्नच नव्हता. आजूबाजूचे लोक गाडीच्या आवाजाने आणि वासाने कावले होते, म्हणून त्याला सरकारदरबारी लेखी परवानगी घ्यावी लागली. म्हणजे पहिलं लायसन्स हा शेजाऱ्यांशी केलेला तह होता. ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्याने लायसन्स आलं, पण ते पाच शिलिंग भरले की मिळे. चाचणी सक्तीची व्हायला १९३५ साल उजाडलं. म्हणजे मधली तीस वर्षं तिथे ‘पैसे भरा आणि कार्ड घ्या’ ही पद्धत राजरोस चालली, आणि ती आपणच शोधून काढली असा जो आपल्याकडे काहींचा समज आहे तो सोडून द्यावा लागतो. अमेरिकेचं आणि आपलं कार्ड शेजारी ठेवलं तरी करारातला फरक दिसतो. अमेरिकेतल्या कित्येक राज्यांच्या कार्डावर उंची असते आणि डोळ्यांचा रंग असतो. आपल्या कार्डावर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं आणि रक्तगट असतो. तिकडच्या पोलिसाला तुम्ही कोण हे ताडून पाहायचं असतं. इकडे तुम्ही कोणाचे हे कळलं की पुढचं बोलणं सोपं जातं, आणि अगदीच बोलता येत नसलं तर रक्तगट आहेच. तिकडचं कार्ड गावी आलं की घरभर हातोहात फिरतं आणि आजी एकच प्रश्न विचारते, ‘डोळे काळे ते काळेच, त्याला सरकारी शिक्का कशाला?’

आता कराराची कलमं बघू. पहिलं कलम हॉर्न. ब्रिटनमध्ये वस्तीच्या भागात रात्री साडेअकरा ते सकाळी सात हॉर्न वाजवायला मनाई आहे, आणि एरवीही तिकडे हॉर्न म्हणजे शिवी. आपल्याकडे हॉर्न म्हणजे विभक्तिप्रत्यय. त्याच्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. ‘मी आलो’, ‘मी चाललो’, ‘तुम्ही आहात का?’, ‘सिग्नल सुटला’, ‘सिग्नल सुटायला आला’, ‘बैलजोडी छान आहे’ या सगळ्यासाठी एकच आवाज, फक्त लांबी वेगळी. ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला महाराष्ट्र सरकारने २०१५ साली बंदी घातली. लोक सांगितल्याशिवाय वाजवणार नाहीत अशी कोणाची तरी समजूत असावी. दुसरं कलम डिप्पर. इंग्लंडमध्ये समोरच्याने दिवे उघडझाप केले तर नियमपुस्तक काहीही म्हणो, व्यवहारात त्याचा अर्थ ‘या, आधी तुम्ही’ असा घेतात. सोनगीरच्या रस्त्यावर त्याचा अर्थ ‘मी येतोय, तुमचं तुम्ही बघा’. एकच उघडझाप, आणि अर्थ शंभर टक्के उलटे. नऊ वर्षं लंडनमध्ये गाडी चालवून आलेला माणूस समोरच्या ट्रकने डिप्पर दिला की हसून हात वर करतो, आभार मानतो आणि गाडी पुढे घालतो. तिसरं कलम उजवा इंडिकेटर. पुढचा ट्रक तो लावतो तेव्हा तो उजवीकडे वळणार असतो, किंवा ‘पुढे जा’ म्हणत असतो, किंवा ‘पुढे येऊ नको’ म्हणत असतो, किंवा मागच्या गावापासून तो तसाच चालू राहिलेला असतो. यांतलं खरं कोणतं ते क्लीनरचा खिडकीबाहेरचा हात सांगतो, आणि त्या हाताची भाषा कुठल्याच सारथी पोर्टलवर शिकवत नाहीत.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सगळं अतिशयोक्त आहे. रस्त्याचे नियम जगभर सारखेच असतात आणि म्हणूनच १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार आंतरराष्ट्रीय परवाना चालतो. खरं आहे. आपल्या आरटीओतही हजार रुपये भरले की वर्षभर चालणारा तसा परवाना मिळतो. पण हा परवाना म्हणजे लायसन्सचं भाषांतर आहे, आणि भाषांतरात शब्द येतात, सूर येत नाही. डावी-उजवी बाजू बदलणं हे त्यातल्या त्यात सोपं काम. स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे सगळा देश डावीकडून उजवीकडे नेला. सामोआने २००९ साली उजवीकडून डावीकडे उडी मारली, कारण तिकडे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या जुन्या गाड्या स्वस्त पडतात. देशच्या देश बाजू बदलतात तर एका माणसाला काय अवघड? अवघड असतं ते हाताला. अमेरिकेत इंडिकेटरची काडी डाव्या हाताला. इथल्या बहुतेक गाड्यांत त्या हाताला वायपर. त्यामुळे परदेशातून आलेला माणूस धुळ्यात ओळखायचा तर पासपोर्ट बघायची गरज नसते. मे महिन्याचं रणरणतं ऊन, आभाळात ढगाचा पत्ता नाही, आणि प्रत्येक वळणावर ज्या गाडीचे वायपर इमानदारीने चालू होतात, ती त्याची. मागच्याला इंडिकेटर दिसला नाही तरी बिघडत नाही म्हणा. दिसला असता तरी त्याने त्याचे चार अर्थ लावलेच असते.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. परदेशी लायसन्सवाल्याला चाचणी माफ केली म्हणून एवढी ओरड, पण मग आपली चाचणी तरी हॉर्न, डिप्पर आणि क्लीनरचा हात कुठे तपासते? याला उत्तर नाही. कच्च्या लायसन्सला पंधरा प्रश्न, त्यातले नऊ आले की पास. मग महिनाभर ‘एल’. हा ‘एल’ कायद्याने मोजूनमापून ठरवला आहे: अठरा सेंटिमीटर चौरस पांढरी पाटी, तीवर दहा सेंटिमीटर उंचीचं लाल अक्षर, पायाशी नऊ सेंटिमीटर रुंद. प्रत्यक्षात तो लाल चिकटपट्टीचे दोन तुकडे लावून काचेवर काढतात आणि पक्कं लायसन्स मिळाल्यावरही तसाच ठेवतात, कारण ‘असू दे, लोक सांभाळून घेतात’. मग दुचाकीला आठचा आकडा आणि मोटारीला मागे घेण्याची कसरत. ही कसरत जिथे होते ते मैदान म्हणजे खानदेशातली बहुधा एकमेव मोकळी जागा, जिथे समोरून काहीच येत नाही: ना कापसाने दुप्पट रुंद झालेली ट्रॅक्टरची ट्रॉली, ना रावेरहून निघालेला केळीचा ट्रक, ना म्हैस. तिथे पास झालेला माणूस फाटकाबाहेर पडताच जे दिसतं त्याचा त्याने दिलेल्या परीक्षेशी काही संबंध नसतो. तेव्हा परदेशी लायसन्सवाल्याला ही चाचणी माफ झाली यात त्याचं वा आपलं फारसं नुकसान नाही, हे कबूल करायला हवं. गंमत म्हणजे ती माफी मिळवतानाच त्याची अर्धी परीक्षा होऊन जाते. ‘ट्रायल कधी देणार?’ ‘साहेब, कलम नऊमध्ये लिहिलंय की गरज नाही.’ ‘कलम वाचता म्हणजे शिकलेले आहात. मग ट्रायलला कशाला घाबरता?’ या वाक्यातलं तर्कशास्त्र बिनतोड आहे. ज्याला ते ऐकून राग न येता चहाची आठवण होते, तो इथल्या रस्त्यासाठी निम्मा तयार झाला असं समजायला हरकत नाही.

तिसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येत नाही. तुम्ही ज्याला गावाशी केलेला करार म्हणता, तो करार माणसं मारतो. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. म्हणजे ज्या हॉर्नच्या व्याकरणाचं इथे कौतुक चाललं आहे, ते सगळ्यांना सारखं येतं असं नाही, आणि ज्याला येत नाही तो बहुधा पायी असतो. हा आक्षेप मान्य केला की युक्तिवादाची दिशा बदलते. आपण जिला रस्त्याची समज म्हणतो तिच्यातला बराच भाग नशिबाचा असतो. परदेशातून आलेला माणूस पांढऱ्या पट्ट्यांपुढे थांबतो, म्हातारीला हाताने ‘जा’ म्हणतो आणि मागे सात गाड्यांचा ऑर्केस्ट्रा सुरू होतो. म्हातारी जात नाही. तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच गाडी थांबलेली असते, त्यामुळे यात काही डाव आहे अशी तिची खात्री असते. तो थांबलेला, ती थांबलेली, आणि शेजारी बसलेले काका कपाळाला हात लावून मागे बसलेल्यांना सांगतात, ‘भो, पोऱ्याले गाडी येस, पन हॉर्न येत नही!’ काकांचं निदान चूक नाही. फक्त दोष कोणाचा हे त्यांनी सांगितलेलं नाही, आणि आपणही त्यांना विचारत नाही, कारण मग मागच्या सात गाड्यांत कोण होतं हा प्रश्न निघेल.

तेव्हा चाचणी हवी, पण ती दोघांची. परदेशी लायसन्सवाल्याची चाचणी सोनगीर फाट्यावर घ्यावी, जिथून दोंडाईचाचा रस्ता फुटतो. पहिला पेपर ठेलारी मेंढपाळांचा कळप. दोनशे मेंढरं रस्त्यावर असताना हॉर्न वाजवला तर ती मधोमध गोळा होतात. गप्प राहिलं तर आपोआप बाजूला सरकतात. इथे हॉर्न न वाजवण्याचे गुण. दुसरा पेपर काळी-पिवळी जीप. ती कुठे थांबेल हे थांब्यावरून ठरत नाही, आत बसलेल्या बाईला आपलं शेत दिसलं की नाही यावरून ठरतं. तिसरा पेपर हंगामी: दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या यात्रेला निघालेले घोडे. आपल्यापेक्षा महाग वाहनाला वाट कशी द्यावी हे त्यात तपासावं. आणि इथल्या पक्क्या लायसन्सवाल्याची चाचणी एकाच ओळीची: हॉर्नची वायर काढून सोनगीरहून धुळ्यापर्यंत जाऊन या. अंतर वीस किलोमीटर. बऱ्याच जणांना टोलनाक्याच्या अलीकडेच धाप लागेल. तळहात सवयीने स्टिअरिंगच्या मध्यावर आपटेल, आवाज येणार नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदाच पाय ब्रेककडे जाईल. ब्रेक नावाची वस्तूही हॉर्नचंच काम करते आणि जरा खात्रीने करते, हा शोध लागला तर चाचणीचा खर्च वसूल झाला.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा. एवढे परीक्षक आणायचे कुठून? आणि आणले तरी ओळख, वशिला, ‘आपलाच पोरगा आहे, बघून घ्या’ हे सगळं त्यांच्यामागे लागणारच. यावर सोनगीरच्या रस्त्यावर फार जुना उपाय उभा आहे. उभा म्हणजे अक्षरशः उभा. म्हैस. ती कोणाच्या ओळखीची नसते, तिला चहा पाजता येत नाही, तिला डिप्परचा इंग्रजी अर्थ ठाऊक नाही आणि मराठीही नाही, आणि तुमच्या कार्डावर डोळ्यांचा रंग आहे की वडिलांचं नाव याने तिला काडीचा फरक पडत नाही. जो हॉर्नवर हात ठेवून बसतो त्याच्यासाठी ती हलत नाही, आणि जो नियमपुस्तक काढून ‘आधी कोणाचा हक्क’ शोधतो त्याच्यासाठीही नाही. जो गाडी थांबवतो, काच खाली घेतो आणि तोंडाने ‘हाऽऽ’ म्हणतो, त्याच्यासाठी ती सावकाश बाजूला होते. जाता जाता शेपटीने बॉनेटवर एक टिचकी मारते, पुढच्या बाजूला, बरोबर काठाशी. आणि मग, हंडा घेणाऱ्या गिऱ्हाइकासारखी, क्षणभर मान तिरकी करून उभी राहते.